सिडनीत दोनच दिवस आहेत. बोटॅनिक गार्डनमधला गव्हर्नर फिलिपचा पुतळा बघण्यासारखा आहे का?

बघा की. बाग फुकट आहे. पण या पुतळ्यापायी माझं साडूंशी वाजलंय, तेव्हा जरा ऐकून घ्या.

काम 1897 सालचं, सिमोनेत्ती नावाच्या इटालियन शिल्पकाराचं. फिलिप, म्हणजे इथल्या इंग्रज वसाहतीचा पहिला गव्हर्नर, सगळ्यात उंचावर, खाली कारंज्यात नेपच्यून वगैरे मंडळी, आणि आदिवासी पार तळाच्या भागात. कोणाला कुठे बसवलंय एवढं पाहिलं तरी बसवणाऱ्यांची समजूत कळते.

मी परामाटात राहतो. हे गाव फिलिपनेच वसवलेलं, म्हणून मला जरा जास्तच उमाळा. साडू पुण्याहून आलेले. पुतळ्यासमोर मी सुरू झालो: इंग्लंडहून आणलेली 11 जहाजं, सातशेच्या वर कैदी, जानेवारी 1788. अन्न संपत आलं तेव्हा याने साहेब आणि कैदी दोघांना सारखंच रेशन लावलं. मग माझा हुकमी किस्सा. 7 सप्टेंबर 1790, मॅनलीचा किनारा. एका आदिवासीने फेकलेला भाला याच्या खांद्यात आरपार घुसला, तरी सूड घ्यायचा नाही म्हणून याने बजावलं. “दाखवा असा दुसरा साहेब!” मी म्हणालो.

साडू मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, “अहो, आणि तीन महिन्यांनी दहा मुंडकी आणा म्हणाला, ते?”

सगळे हसले. बायकोसुद्धा.

रात्री वाचलं, तर खरं निघालं. डिसेंबरात पेमलवॉय नावाच्या आदिवासी योद्ध्याने फिलिपच्या शिकाऱ्याला भाला मारला, त्यावर हा हुकूम सुटला. पण पुढचं साडूंनी वाचलंच नव्हतं! वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने रदबदली केली, दहाचे सहा झाले, शक्यतो जिवंत धरा असं ठरलं. तुकडी दोनदा गेली, दोन्ही वेळा हात हलवत परत आली. अर्धं वाचून माणसाला चारचौघांत गप्प करायची त्यांची जुनी खोड. आमच्या लग्नातही मानपानावरून... जाऊ द्या. फोन करून हे सांगितलं तर म्हणाले, “तुम्ही अजून तिथंच?”

हो, तिथंच. स्वतःवरचा भाला त्याने गिळला, कारण बेनेलाँग नावाच्या आदिवासीला पळवून आणून डांबणारा तोच होता आणि ते त्याला टोचत असावं, असं मला वाटतं. एवढं मन इतर गव्हर्नरांकडे नव्हतं. आता हुकूम सौम्य व्हावा हे टेंचला सुचलं, फिलिपला नाही, हे कबूल. मुंडकी कापायला कुऱ्हाडीसुद्धा न्या म्हणाला होता, तेही कबूल. साडूंना सांगू नका.

दोन दिवसांत पुतळ्याला दहा मिनिटं पुरे. तिथून चालत ऑपेरा हाऊसला जा. त्या टोकाला बेनेलाँगचंच नाव आहे, फिलिपने त्याला तिथे विटांची खोली बांधून दिली होती. मग मॅनलीची फेरी. जाकीट घ्या, डेकवर वारा झोंबतो.