दोघांसाठी पत्त्यांचा कोणता खेळ आधी शिकावा, आणि कसा?

सात-आठ. आम्ही चाळीच्या गॅलरीत, पावसाळ्यात चटईवर बसून हाच शिकलो.

आठपासून एक्क्यापर्यंत चारही रंग घ्या, वर इस्पिक आणि बदाम सत्ती. झाली ३० पानं. आधी प्रत्येकी पाच वाटा. ज्याने पिसली नाहीत तो ती पाच पाहून हुकूम, म्हणजे बाकी रंगांना मारणारा रंग, बोलतो, मग उरलेली वाटायची. दोघांनी एकेक पान टाकलं की एक हात, तो मोठ्या पानाचा. हुकूम बोलणाऱ्याने आठ हात करायचे, वाटणाऱ्याने सात. उतारी, म्हणजे पहिलं पान, हुकूमवाल्याची. उतरलेला रंग हातात असेल तर तोच टाकायचा, नसेल तर हुकुमाने मारता येतं.

खरी गंमत पुढे आहे. गड्डीत एकही पान उरत नाही, म्हणजे तुमच्या हातात जे नाही ते सगळं समोरच्याकडेच! समजा बदाम हुकूम आहे आणि तुमच्याकडे एक्का, राजा, राणी, नव्वी, अठ्ठी आली. बदाम एकूण आठ, म्हणजे समोर तीनच: गुलाम, दश्शी, सत्ती. वरची तीन ओळीने उतरा, त्याचे हुकूम संपले. नव्वी-अठ्ठीचे दोन हात आता पक्के. नवशिके हुकूम जपून ठेवतात आणि तिथेच हरतात.

जितके हात जास्त केलेत, तितकी पानं पुढच्या डावात न बघता समोरच्याची ओढायची आणि बदल्यात आपली द्यायची. देताना एखादा रंग पूर्ण संपवा, म्हणजे त्या रंगाचा त्याचा एक्कासुद्धा मारता येतो.

पहिले चार-पाच डाव पानं उघडी मांडून खेळा.