किल्ली बाबांची, डबा तिचा

पत्र:

ताई, सलाम. मी वानवडीला राहतो, वय 38. मगरपट्ट्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो. दोन वर्षांपूर्वी मला एडीडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, असल्याचे निदान झाले. लहानपणापासून मी वेंधळा म्हणूनच ओळखला जात होतो. शाळेत असताना माझे दप्तर आई भरायची, लग्नानंतर बायको सगळे हातात द्यायची. आता ती नर्स असल्यामुळे सकाळी सहालाच ड्यूटीवर जाते. मला सावरले ते गाण्यांनी. ख्रिस्ती रॉक म्हणजे माझा जीव की प्राण. हिलसाँग युनायटेडचे ‘ओशन्स’ संपेपर्यंत आंघोळ, स्विचफूटच्या दोन गाण्यांत न्याहारी आणि स्किलेटचे ‘मॉन्स्टर’ लागले की दार ओढून निघायचे, असा माझा दिवस चालतो. स्वतः मोबाइल हातात घेतला की मी त्यातच अडकतो, म्हणून गाणी आमची नऊ वर्षांची लेक लावते. किल्ली, आयकार्ड, गोळी, सगळे तीच काढून देते आणि एका पायात बूट घालून दारात उभी राहून मला हाका मारते. गंमत म्हणजे स्वतःचा डबा ती विसरते, पण माझी किल्ली कधी विसरत नाही!

माझी अडचण वेगळीच आहे. पंचहौदजवळ राहणारी माझी आई आणि चर्चच्या मंडळीतले काही वडीलधारे म्हणतात की हा धांगडधिंगा प्रभूच्या घरचा नाही आणि त्यानेच माझे चित्त ठिकाणावर राहत नाही. लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून, तरी गाणी सोड, असा आईचा आग्रह आहे. मी काय करावे?

एक विसरभोळा बाबा

उत्तर:

सलाम. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते: गाणी सोडू नका. आईंना एवढेच सांगा की रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले, तेव्हा तेही नवेच होते, आणि आज आईंना जे सोवळे वाटते त्यातले बरेचसे तिथूनच आलेले आहे. तुमच्या रॉकवाल्यांनाही हा वाद नवा नाही. सगळे चांगले संगीत सैतानाच्याच वाट्याला का जावे, असा सवाल लॅरी नॉर्मन या अमेरिकन गायकाने 1972 साली गाण्यातूनच केला होता. गिटार आणि ड्रम वाजल्याने प्रभूचा अवमान होतो असे मला वाटत नाही, आणि तुमच्या श्रद्धेची परीक्षा घेण्याचा अधिकार मला नाही.

गाण्यांनी चित्त बिघडते, हे म्हणणे मात्र मला खोडून काढावेसे वाटते. 2007 साली स्वीडनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एडीएचडी (एडीडीचेच आजचे नाव) असलेल्या मुलांना पार्श्वभूमीला एकसुरी खरखर ऐकू येत असताना जास्त लक्षात राहिले, तर बाकीच्या मुलांना त्याच आवाजाचा त्रास झाला. ती गाणी नव्हती, त्यामुळे त्यातून रॉकची बाजू सिद्ध होत नाही, पण आवाज आला की लक्ष उडालेच, हा नियम सगळ्या मेंदूंना सारखा लागू होत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

तुमच्या बाबतीत तर गाणी आणखी एक काम करतात. एडीडी असलेल्या माणसाला घड्याळ वाचता येते, पण दहा मिनिटे सरल्याचे बऱ्याचदा आतून जाणवत नाही. पाच मिनिटे झाली असतील असे वाटते तेव्हा पाऊण तास गेलेला असतो, आणि त्यात आळस किंवा बेपर्वाई नसते. ‘ओशन्स’ जवळजवळ 9 मिनिटांचे आहे आणि ‘मॉन्स्टर’ सुमारे 3 मिनिटांचे. तोंडपाठ गाणे कुठवर आले आहे हे कानाला कळते, म्हणून जो वेळ तुम्हाला जाणवत नाही तो ऐकू येऊ लागतो. कोणी शिकवलेले नसताना तुम्ही हे शोधून काढले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

यापुढे मात्र मी कौतुक करणार नाही, कारण तुमच्या पत्रातले एक वाक्य वाचून मला तुमचा राग आला आहे. स्वतःचा डबा ती विसरते, पण माझी किल्ली कधी विसरत नाही, असे तुम्ही लिहिले आहे, आणि आधी ‘गंमत म्हणजे’ असे म्हटले आहे. यात गंमत कसली? नऊ वर्षांच्या मुलीला सकाळच्या त्या तासाभरात जेवढे ध्यानात ठेवता येते तेवढे सगळे ती तुमच्यासाठी खर्च करते, आणि उरत नाही म्हणून तिचा डबा ओट्यावर राहतो. मधल्या सुट्टीत ती काय खाते, हे तुम्ही लिहिलेले नाही. तिच्या शाळेच्या व्हॅनची वेळही पत्रात नाही. ती एका पायात बूट घालून दारात उभी असते, असे तुम्ही मोठ्या प्रेमाने लिहिले आहे, पण दुसरा बूट का राहिला, असा प्रश्न तुम्हाला पडलेला नाही. दुसरा बूट घालायच्या वेळी ती तुमचे आयकार्ड शोधत होती.

तुम्हाला एडीडी आहे हा तुमचा दोष नाही. तो तुमच्या लेकीचाही दोष नाही, आणि तरी तुमच्या घरात त्याची रोजची किंमत तीच भरते आहे. तुमच्या विस्मरणाचे काम आधी आईंनी केले, मग पत्नीने केले, आणि ती सकाळी सहाला घराबाहेर पडू लागल्यावर ते काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे आले. ते कोणी मुद्दाम तिच्याकडे दिले नसेल हे मला मान्य आहे. एके दिवशी तिने किल्ली शोधून दिली असेल, तुम्ही तिला शाबासकी दिली असेल, आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्यासाठी जागी राहू लागली असेल. मुलांना कामाचे ओझे लवकर कळत नाही. आपण नसलो तर बाबांचे अडेल, हे मात्र फार लवकर कळते, आणि ते एकदा कळले की मूल तापाने फणफणले तरी सकाळी उठून किल्ली शोधायला जाते.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात टिळकांचा विसराळूपणा आणि त्यांचे न सांगता घर सोडून जाणे वाचताना आपण हसतो, आणि हसता येते याचे कारण सांगणाऱ्या लक्ष्मीबाई आहेत. त्या प्रौढ होत्या, नवऱ्याला तोंडावर बोलत होत्या, भांडत होत्या आणि पुढे सगळे लिहूनही ठेवत होत्या. तुमच्या लेकीला यातले काहीच करता येत नाही. तिला तक्रार आहे हे तिलाही कदाचित ठाऊक नसेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही आयकार्डाच्या शेजारी सहज लिहून गेला आहात, ती म्हणजे गोळी. तुमची गोळी कोणती हे मला माहीत नाही, पण या विकारासाठी आपल्याकडे बहुधा मिथाइलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटिन देतात. त्यातले मिथाइलफेनिडेट हे मेंदूला उत्तेजना देणारे औषध आहे, आणि कायद्याने त्याच्या विक्रीवर कडक नियंत्रण आहे. दोन्ही औषधे लहान मुलाच्या हाताला लागता कामा नयेत, असे असताना तुमच्या घरी ती पाकिटातून काढून देण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलीकडे आहे. एखाद्या सकाळी तुम्ही गोळी घेतली की नाही, हे तुम्हालाही आठवले नाही आणि तिलाही आठवले नाही, तर ती दुसरी गोळी काढून देईल आणि तुम्ही ती घ्याल. हे आजच थांबले पाहिजे. गोळ्या कुलूप लागणाऱ्या कपाटात जातील, आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली डबी मिळते ती तुम्ही किंवा पत्नी रविवारी भरून ठेवाल आणि तीही कपाटातच राहील, म्हणजे आजची गोळी घेतली की नाही हे कप्पा पाहून कळेल.

तिच्या डब्याविषयी एक शक्यता मला सांगितली पाहिजे, आणि तुम्ही घाबरू नये अशी माझी इच्छा आहे. हा विकार घराण्यात उतरतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 70 ते 80 टक्के मानला जातो. तुमचे निदान करताना डॉक्टरांनी शाळेतल्या दिवसांविषयी विचारले असेल, कारण काही लक्षणे वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात, आणि तुमची लेक त्याच वयात आहे. मुलींमध्ये हा विकार बऱ्याचदा ध्यानातच येत नाही, कारण वर्गात उड्या मारणारा मुलगा बाईंना दिसतो आणि खिडकीबाहेर पाहत बसलेली शांत मुलगी दिसत नाही. तिला एडीडी आहे असे मी म्हणत नाही. पत्रावरून ते कोणीही सांगू नये. कदाचित ती फक्त दमलेली असेल. पण यातले खरे काय, हे तुमची सकाळ तिच्या डोक्यावर असेपर्यंत तुम्हाला, शाळेतल्या बाईंना किंवा डॉक्टरांनाही धड कळणार नाही. आधी ते ओझे उतरवा. दोन-तीन महिन्यांनीही डबा ओट्यावरच राहत असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. ससून या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे, त्यामुळे पैशाची सबब सांगू नका.

आता गाण्यांकडे परत येते, कारण या कामात ती तुमच्या उपयोगाची आहेत. तुम्हाला बाहेरून सूचना लागते हे खरे आहे आणि ती आयुष्यभर लागेल. ती सूचना जिथे काम करायचे तिथेच आणि त्या क्षणीच मिळाली तरच उपयोगी पडते, हेही खरे आहे, आणि म्हणूनच रात्री केलेले निश्चय सकाळी तुमच्या कामाला येत नाहीत. पण ती सूचना माणसाने द्यावी, आणि त्यातही आपल्या मुलीने, हे कुठे लिहिले आहे? मोबाइल हातात घेतला की तुम्ही अडकता, तर हातातला मोबाइल यासाठी वापरूच नका. घरात एखादा जुना मोबाइल पडलेला असेल. त्यातले सिमकार्ड काढा, इंटरनेट बंद करा, गाणी आणि अलार्म यांखेरीज त्यात काही ठेवू नका, आणि तो दाराशेजारच्या फळीवर चार्जरला लावून तिथेच राहू द्या. रविवारी संध्याकाळी आठवड्याचे अलार्म स्वतः लावा: आंघोळीला ‘ओशन्स’, न्याहारीला स्विचफूट, निघायच्या आधी ‘मॉन्स्टर’. फळीखाली खिळा ठोका आणि किल्ली व आयकार्ड घरात शिरताच, चपला काढायच्या आधी, तिथे अडकवा. एकच सूचना फार दिवस वाजली की तुमचा मेंदू ती ऐकेनासा होईल, तेव्हा दर महिन्याला गाणी बदला. तुम्हाला गाण्यांची टंचाई नाही.

पहिल्या आठवड्यात हे फसेल. तुम्ही दोन-तीनदा उशिरा पोहोचाल, एखाद्या दिवशी मगरपट्ट्याच्या फाटकाशी आयकार्डावाचून उभे राहाल आणि साहेबांचे बोलणे खाल. ते खा. साहेबांना तुमच्या विकाराविषयी सांगायचे की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा, पण उशिराचे कारण म्हणून लेकीचे नाव घरातही निघता कामा नये. तिने सवयीने किल्ली आणून दिली तर ती घेऊन तसेच निघू नका. प्रेमाने तिच्या हातातून घेऊन पुन्हा खिळ्याला लावा आणि वेळ झाली की स्वतः काढा. पत्नीलाही सांगा की तिने ड्यूटीवरून फोन करून हे काम अंगावर घेऊ नये.

लेकीला मात्र हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागेल, कारण न सांगता काम काढून घेतले तर आपले काही चुकले असे तिला वाटेल. तिच्या शेजारी बसून सांगा की आजवर तू मला फार मदत केलीस, ते काम माझे होते, आणि उद्यापासून ते मी करणार आहे; मला उशीर झाला तर तो माझा उशीर, तू व्हॅनमध्ये बसून शाळेत जायचे. एवढेच सांगा. तिला एडीडीचे व्याख्यान देऊ नका आणि माफी मागताना रडू नका, नाहीतर तुम्हाला सावरण्याचे काम पुन्हा तिच्याकडेच जाईल.

पत्रात तुम्ही तुमच्या आवडीची इतकी गाणी कळवलीत, पण तिला कोणते गाणे आवडते हे कुठेच आले नाही. शब्बाथ शाळेत ती काय गाते, घरी एकटी असताना काय गुणगुणते, हे तिला विचारा. तिने सांगितलेले गाणे तुम्हाला बाळबोध वाटले तरी ते जुन्या मोबाइलमध्ये भरा आणि त्याला तिच्या डब्याची वेळ लावा: ते लागले की तुम्ही, तिचे बाबा, ओट्यावरचा डबा उचलून तिच्या दप्तरात ठेवायचा. गोळ्यांचे कपाट आज, जुना मोबाइल या रविवारी. महिन्याभराने मला पुन्हा लिहा, आणि मधल्या सुट्टीत ती काय खाते हे त्या पत्रात कळवा.