लिलावातला फ्लॅट घेण्याआधी

सांगलीत बँकेच्या लिलावातला फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणतोस, तर आधी नोटिशीत ताबा 'सांकेतिक' आहे की 'प्रत्यक्ष' ते बघ. सांकेतिक म्हणजे दारावर कागद चिकटवलाय, आत मात्र कर्जदार अजून नांदतोय. त्याला बाहेर काढायला सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता बँकेला विकू देणारा कायदा) कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश लागतो. त्यात किती महिने जातील, कुणी सांगू नये. नवख्याने अशा मालमत्तेच्या वाटेला जाऊच नये.

जाहिराती वर्तमानपत्रात येतात, सरकारी बँकांच्या 'बँकनेट' पोर्टलवरही दिसतात. पैशाची जुळणी आधी कर. बोली लागली की, बोलीआधी भरलेली अनामत धरून, बोलीच्या रकमेचे 25 टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी, उरलेले साधारण 15 दिवसांत. चुकलास तर भरलेले बुडाले.

'जसे आहे तसे' विक्री असते, म्हणून घरपट्टी, सोसायटीची थकबाकी किती ते स्वतः शोधून काढ. प्रॉपर्टी कार्ड बघ, वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (मालकी आणि बोजाच्या जुन्या नोंदींची तपासणी) घे. आणि 2019 ला कृष्णेचं पाणी त्या इमारतीत कुठवर आलं होतं, ते एजंटाला नको, शेजारच्या किराणावाल्याला विचार.