किनारा तापला म्हणून हवामान उष्ण कटिबंधीय ठरते का?

मेक्सिकोच्या आखाताचा अमेरिकी किनारा इतका तापला आहे, तर लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडातील टँपा या शहरांचे हवामान आता उष्ण कटिबंधीय म्हणावे का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते टँपाबाबत तो अगदी रास्त आहे; न्यू ऑर्लिन्सबाबत मात्र उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे.

तापमानवाढीने कर्कवृत्त सरकत नाही, त्यामुळे हवामानाचाच निकष पाहावा लागतो. हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांच्या वर्गीकरणानुसार, पुरेसा पाऊस असलेल्या प्रदेशात वर्षातल्या सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंश सेल्सिअसच्या खाली जात नसेल, तरच तेथील हवामान उष्ण कटिबंधीय ठरते, आणि ही सरासरी साधारणपणे ३० वर्षांच्या नोंदींवरून काढली जाते. उन्हाळा किती घाम काढतो, याचा येथे काहीही संबंध नाही, आणि बहुतेकांची गल्लत नेमकी इथेच होते. न्यू ऑर्लिन्सचा जुलै कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देईल इतका दमट असतो, पण तेथील जानेवारीची सरासरी १२ अंशांच्या आसपास आहे. मायामीत ती सुमारे २० अंश असल्याने ते शहर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असूनही उष्ण कटिबंधीय गणले जाते. टँपा या दोहोंच्या मधोमध, १८ अंशांच्या किंचित खाली आहे.

शिवाय या किनाऱ्याच्या उत्तरेला हिमालयासारखी आडवी भिंत नाही, त्यामुळे कॅनडातली थंड हवा थेट आखातापर्यंत उतरते. जानेवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे २० सेंटिमीटर बर्फ पडला, तोही याच वाटेने आलेल्या थंडीमुळे.

आकड्यांइतकीच मला फ्लोरिडातल्या खारफुटीची साक्ष मोलाची वाटते. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट ऑगस्टीनजवळ, जिथे पूर्वी खाडीकाठी दलदलीतले गवतच माजलेले असे, तिथे आता आपल्या तिवराच्याच भाऊबंदांपैकी एक झाड पसरत आहे, कारण १९८० च्या दशकात जशा कडाक्याच्या थंडीच्या लाटा आल्या होत्या, तशा आता क्वचितच येतात. मात्र तशी एखादी लाट पुन्हा आली, तर हीच झाडे करपू शकतात. म्हणून अशा किनाऱ्याला मी आज 'संक्रमणातला उपोष्ण कटिबंधीय' असेच म्हणेन, आणि टँपाच्या जानेवारीची ३० वर्षांची सरासरी १८ अंशांवर गेली, की नकाशावरचा त्याचा रंग विनासंकोच बदलावा.