नेदरलँड्समधल्या नव्या केंद्रात रुजू होण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तुम्ही बारा वर्षं वीजवितरण शिकवताय. इकडच्या एका विद्यापीठात मोठ्या सामाजिक-तांत्रिक व्यवस्थांवर नवं संशोधन केंद्र उघडतंय आणि पहिल्या पाच जणांत तुम्हाला बोलावलंय. निधी पाच वर्षांचा. नवरा आयटीत, मुलगी सहा वर्षांची. जावं का, पहिल्या वर्षी नेमकं काय करावं लागतं, आणि हेच पुण्यात का उभारू नये, असं तुम्ही विचारलंत.

मी मूळची सांगलीची. इकडे येऊन चौदा वर्षं झाली, सध्या डेल्फ्टला राहते. त्यातली पाच वर्षं अशाच एका नव्या केंद्रात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: या. पण सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा. तुमची जागा कुठल्या विभागाच्या आस्थापनेवर आहे, आणि ज्या व्यवस्थेचा अभ्यास करायचा, त्या प्रश्नाचा धनी कोण आहे. इकडे त्याला ‘प्रोब्लेम-आयखेनार’ म्हणतात. हा शब्द तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल.

हे क्षेत्र काय आहे, ते मी घरच्यांना सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून समजावते. पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला पाणी किती?’ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांपर्यंत गेलं. मी इथे होते, आई-बाबा गावभागात. दर तासाला फोन करून मी तोच एक आकडा विचारत होते. त्या आकड्याच्या मागे काय काय होतं बघा: पाटणकडचा पाऊस, कोयनेतून किती आणि कधी सोडायचं याचा निर्णय, खाली दुसऱ्या राज्यात असलेल्या अलमट्टीवरून चाललेला वाद, पूररेषेच्या आत वर्षानुवर्षं उभी राहिलेली घरं, आणि ‘अजून पाणी आपल्या गल्लीत येत नाही’ म्हणून सामान न हलवणारे आमच्यासारखे लोक. धरणाचं गणित करणारा अभियंता यातला एकच भाग सोडवतो. सगळं मिळून जी एक व्यवस्था होते, तिचा अभ्यास म्हणजे हे क्षेत्र.

विचार जुना आहे. १९५१ मध्ये एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींवर एक निबंध लिहिला. नवी यंत्रं आली, पण खाणकामगारांच्या एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या छोट्या टोळ्या मोडल्या आणि अपेक्षेइतकं उत्पादन मिळेना. यंत्र आणि माणसांची घडी एकत्रच आखावी लागते, ही मांडणी तिथून पुढे आली.

नेदरलँड्समध्ये हे शिकायला पुस्तक कमी लागतं, सायकल जास्त. १९५३ च्या १ फेब्रुवारीच्या पहाटे समुद्र आत आला आणि १८३६ माणसं गेली. त्यानंतर खाड्यांची तोंडं बंद करायचं ठरलं. त्यात ऑस्टरस्केल्डेची खाडीही पक्क्या धरणाने बुजवायची होती. शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी उभे राहिले, आणि सत्तरच्या दशकात अर्ध्यात आलेला आराखडा बदलला. १९८६ मध्ये पूर्ण झाला तो नऊ किलोमीटरचा बांध, ज्यात बासष्ट पोलादी दारं आहेत. एरवी ती उघडी असतात, भरती-ओहोटी चालू राहते. वादळ आलं की खाली येतात. खर्च वाढला, काम लांबलं, पण आज अभियंते याच बांधाकडे सगळ्यात अभिमानाने बोट दाखवतात. तो आराखडा मच्छीमारांनीही घडवला आहे.

रॉटरडॅमच्या तोंडाशी मास्लांटकेरिंग नावाचा वादळ अडवणारा बांध आहे. पाणी सरासरी पातळीच्या तीन मीटर वर जाणार असा अंदाज आला की दोन प्रचंड दारं आपोआप मिटतात, निर्णय संगणकाचा. १९९७ मध्ये तो सुरू झाला, आणि खऱ्या वादळात उंच पाण्यामुळे आपोआप मिटला तो थेट २१ डिसेंबर २०२३ ला. त्या रात्री मी बांधाजवळ जाऊन उभी राहिले नाही, पण झोपलेही नाही. तीन मीटर हा आकडा कुणी ठरवला? अडीच ठरवला असता तर बंदर वारंवार अडलं असतं, साडेतीन ठरवला असता तर शहराचा धोका वाढला असता. संगणक फक्त पाळतो, आकडा माणसांनी भांडून ठरवलेला असतो. मला आमचा पंचेचाळीस फूट आठवला.

आता तुमच्या विषयाकडे. इथे स्मार्ट मीटर सक्तीचे करणारा कायदा एप्रिल २००९ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहात अडला. घरात कोण कधी असतं हे विजेच्या वापरावरून कळेल, हा आक्षेप होता. मीटरमध्ये तांत्रिक दोष नव्हता. पुढे नकार देण्याचा हक्क ठेवूनच ते बसवले गेले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये प्रीपेड मीटरला जो विरोध झाला तो तुम्ही जवळून पाहिलाय, म्हणून तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आज इथली मोठी अडचण वीजजाळ्याची आहे. सौरऊर्जा, उष्णतापंप, विजेच्या गाड्या सगळं एकदम आलं, तारांची क्षमता तेवढी नाही, आणि हजारो कंपन्या जोडणीसाठी रांगेत आहेत. कुणाला आधी जोडणी द्यायची, हा प्रश्न ट्रान्सफॉर्मरइतकाच न्यायाचाही आहे. तुमची बारा वर्षं इथे कामाची आहेत. मुलाखतीत ती लपवू नका, भारतातला अनुभव म्हणून बाजूलाही ठेवू नका.

केंद्र चालू करण्याबद्दल बोलते. यात जगभरात दोन वाटा दिसतात. अमेरिकेतल्या एमआयटीने १९९८ मध्ये अभियांत्रिकी व्यवस्थांचा स्वतंत्र विभाग काढला. त्याचे पहिले संचालक डॅनियल रूस. तिथले बरेच प्राध्यापक दुसऱ्या विभागांशीही बांधलेले होते. २०१५ मध्ये डेटा, व्यवस्था आणि समाज या नावाची नवी संस्था सुरू झाली आणि तो जुना विभाग तिच्यात सामावला गेला. डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने वेगळं केलं: तंत्रज्ञान, धोरण आणि व्यवस्थापन यांची अख्खी विद्याशाखाच उभारली, स्वतःचे पदवी अभ्यासक्रम, स्वतःचे विद्यार्थी. माझ्या मते दुसरी वाट टिकाऊ. विद्यार्थी असले की दरवर्षी पैसा येतो आणि शिकवण्यासाठी माणूस लागतो. नुसत्या प्रकल्पांवर उभं केंद्र प्रकल्पांबरोबर मावळतं.

माझ्या पहिल्या केंद्रात नेमकं हेच घडलं. ते दुसऱ्या एका विद्यापीठात होतं. उद्घाटनाला चार विभागांचे प्रमुख व्यासपीठावर होते. प्रत्येकाने आपल्या माणसांचा आठवड्यातला एक दिवस केंद्राला दिला होता. आम्ही तिघी-चौघं मात्र पूर्णवेळ केंद्राच्या पगारावर. चौथ्या वर्षी निधी आटायला लागला तसे विभागांनी आपापले दिवस परत घेतले. त्यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती, त्यांनाही वर्ग चालवायचे होते. पण बढतीच्या समितीत माझं नाव मांडायला एकही विभाग नव्हता. अभियांत्रिकीवाले म्हणाले, हिचे निम्मे निबंध धोरणावर आहेत. धोरणवाले म्हणाले, ही इंजिनिअर. त्या वर्षी मी खूप रडले आणि आजही ते आठवलं की छाती भरून येते. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: तुमचं मूल्यमापन कोणता विभाग, कोणत्या निकषांवर करणार, हे नियुक्तिपत्रात असू द्या. करार किती महिन्यांनी कायम होणार तेही विचारा. हा काळ सैल नाही. सरकारने उच्च शिक्षणाच्या निधीला कात्री लावल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये हेगच्या मैदानावर आम्ही हजारोंच्या संख्येने जमलो होतो.

दुसरा प्रश्न धन्याचा. प्रपोजलमध्ये भागीदारांची यादी लांब असते: महापालिका, वीजजाळं चालवणारी कंपनी, बंदर. त्यातलं ‘इन-काइंड’ म्हणजे बहुतेकदा त्यांच्या अधिकाऱ्यांचे कागदावरचे तास. रोख किती, हे वेगळं काढून बघा. आणि डेटा देण्याचा करार झालाय का, तो मागून वाचा. आमच्याकडे एका भागीदाराशी हा करार व्हायला चौदा महिने लागले. तोवर दोन पीएचडीचे विद्यार्थी कल्पित आकड्यांवर मॉडेल चालवत बसले. भागीदार संस्थेत असा एक माणूस शोधा, ज्याला तुमच्या उत्तराची सोमवारी सकाळी गरज आहे. असा माणूस नसेल तर केंद्र अहवाल काढत राहील आणि ते कुणी वाचणार नाही.

पाच वर्षांचं गणितही मांडून बघा. इथे पीएचडीचा विद्यार्थी हा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो, चार वर्षांचा. जाहिरात, निवड, व्हिसा यात आठ-दहा महिने सहज जातात. म्हणजे पहिल्याच वर्षात माणसं घेतली नाहीत, तर त्यांचा करार निधीच्या पलीकडे जातो. मध्येच कुणी बाळंतपणाची रजा घेतली, आजारी पडलं, तर वेळ तिथेच संपते. घाईने सहा जण एकदम घेण्याचीही चूक करू नका. आधी तीन, तेही एकाच व्यवस्थेवर काम करणारे: एक वीजजाळ्याचं मॉडेल करणारा, एक नियम आणि कायदे बघणारा, एक वस्त्यांत जाऊन लोकांशी बोलणारा. तिघांना एकाच खोलीत बसवा. ही माझी ठाम अट असते, कारण वेगवेगळ्या इमारतींत बसलेले लोक वर्षभराने फक्त शब्दांवर भांडतात. ‘मॉडेल’ या एका शब्दाचा अर्थ त्या तिघांकडे तीन असतो.

पहिल्या सहा महिन्यांत एक सिम्युलेशन खेळ जरूर घ्या. डेल्फ्टला याची चांगली परंपरा आहे. वीज कंपनीच्या माणसाला नगरसेवक करायचं, नगरसेवकाला जाळं चालवायला द्यायचं, आणि टेबलावर एक तापलेली जुलैची दुपार मांडायची. चार तासांत जे बाहेर येतं ते मुलाखतींत महिनोन्‌महिने येत नाही. मी असा एक खेळ सांगलीच्या पुरावरही बनवलाय. विद्यार्थी पहिल्या फेरीत हमखास गाव वेळेवर रिकामं करत नाहीत.

भाषा. विद्यापीठात इंग्रजीवर निभेल, पण निर्णय डच भाषेत होतात. इथे पाण्याचा कारभार बघणारी एकवीस पाणीमंडळं आहेत, त्यांची मुळं मध्ययुगात जातात, त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात आणि स्वतःचा कर असतो. त्यांच्या बैठकीत तुमच्यासाठी सगळे इंग्रजीकडे वळतील, आणि चहाच्या वेळी जे खरं ठरतं ते पुन्हा डचमध्ये. दोन वर्षांत डचची बी-वन, म्हणजे मध्यम, पातळी गाठायची आणि फी विद्यापीठाने द्यायची, हेही आत्ताच मागून घ्या.

घरचं थोडक्यात. नवऱ्याला तुमचा जोडीदार म्हणून मिळणाऱ्या निवास परवान्यावर, कामाचा वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते. मुलीचं वय उत्तम आहे; नवीन आलेल्या मुलांसाठी भाषेचे वेगळे वर्ग असतात, वर्षभरात ती तुम्हाला दुरुस्त करायला लागेल. परदेशातून भरती झालेल्यांना पगारातली तीस टक्क्यांपर्यंतची करसवलत मिळू शकते, २०२७ पासून ती सत्तावीस होणार आहे. अर्ज विद्यापीठाबरोबर करायचा असतो. आरोग्यविमा सक्तीचा आहे, चार महिन्यांच्या आत. सगळ्यात अवघड आहे घर. नगरपालिकेत नोंद पत्त्याशिवाय होत नाही, नोंदीशिवाय नागरिक क्रमांक नाही, क्रमांकाशिवाय पगाराचं नीट जमत नाही. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचं घर विद्यापीठाने द्यावं, हे पगाराच्या आधी बोला.

पुण्यातच का नाही, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. आपल्याकडे परंपरा नाही असं नाही. आयआयटी मुंबईतलं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र, सितारा, १९८५ पासून आहे. गावाच्या पाणीयोजनेत पाइपाइतकीच ग्रामपंचायत महत्त्वाची, हे तिथली मुलं शिवारात जाऊन शिकतात. पुण्यात असं केंद्र उभं राहायलाच हवं. पण आज तुमच्याकडे त्यासाठी पैसा नाही आणि सोबतीला माणसं नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. इथे या, आणि पहिल्याच आराखड्यात महाराष्ट्रातल्या एका वितरण विभागाचा अभ्यास दुसरी केस म्हणून घाला. नंतर घालू म्हटलं की राहून जातं, माझं सहा वर्षं राहिलं. पुण्यातलं तुमचं महाविद्यालय आत्तापासून कागदावर भागीदार असेल, तर परतीची वाटही उघडी राहते.

बुधवारी तुमचा संचालकांशी कॉल आहे म्हणालात. त्यात आधी विभागाचं विचारा, मग डेटा कराराचं. उत्तर ‘ते आपण नंतर बघू’ असं आलं, तर पुढच्या आठवड्यात मला ऑफर लेटर पाठवा, आपण ओळ न्‌ ओळ बसून वाचू. आणि तिघांचे जन्मदाखले आजच बाहेर काढा. लग्नाआधीचं आडनाव, पासपोर्टवरचं स्पेलिंग जुळतंय का बघा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलला, म्हणजे परदेशात चालणाऱ्या शिक्क्याला, लगेच द्या. आमच्या घरी बाबांच्या नावातल्या एका अक्षरावरून दीड महिना गेला होता.