साइटवर कच्ची पण सपाट जमीन आहे. साध्या फोर्कलिफ्टला कोणते टायर लावावेत?

टायर हवेचे. सॉलिड टायर काँक्रीटवर ठीक, खडीवर सगळे हादरे मास्टला, म्हणजे फोर्क वर-खाली करणाऱ्या पुढच्या खांबाला, आणि ऑपरेटरच्या पाठीला बसतात. पण मी लिहायला बसलो तुमच्या 'सपाट' या शब्दामुळे.

आमच्या साइटवर केबलचा चर बुजवला होता. वरून एकदम सपाट, माती उन्हाने सुकलेली. गाडी तीन टनी, म्हणजे तीन टन उचलणारी, आणि पॅलेट मालासकट दोन टनांचं. मी उतरून चालत गेलो, टाच दाबली तर बूट आत गेला. म्हटलं, इथून लोड नेणार नाही. लोखंडी प्लेटा टाका, नाहीतर वळसा घेऊ द्या. सुपरवायझर म्हणाले, "तीन टनाच्या मशीनला दोन टनांचं काय? हळू घ्या." आणि गाडी दुसऱ्या पोराला दिली.

गाडीच्या पाटीवर लिहिलेली क्षमता घट्ट, समतल जमिनीसाठी असते. तीन टनी गाडीचं स्वतःचंच वजन चार टनांच्या वर, आणि लोड उचलला की जवळजवळ सगळा भार पुढच्या दोन चाकांवर. हळू चालवून तो कमी होतो का? डावं चाक चरात बसलं, गाडी कलली आणि पॅलेटचा कोपरा मातीत रुतला. फोर्क जमिनीपासून वीतभरच वर होते म्हणून तिथेच टेकली, मास्ट वर असता तर आडवी झाली असती. पोरगा उडी मारायच्या बेतात होता. मी ओरडलो, "बसून राहा, स्टिअरिंग घट्ट धर!" पट्टा लावलेला होता म्हणून वाचला. उडी मारणारा नेमका गार्डखाली, म्हणजे डोक्यावरच्या लोखंडी छताखाली, सापडतो.

अहवालात कारण काय लिहिलं? ऑपरेटरचा निष्काळजीपणा. मला ते तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. रस्ता कुठून काढायचा हे ज्याने ठरवलं, त्याचं नाव त्यात यायला हवं होतं. म्हणून तुमच्या ऑपरेटरने नाही म्हटलं तर ते लॉगबुकात लिहू द्या, आणि तरीही गाडी न्यायला लावणाऱ्याची सही खाली घ्या. सही मागितली की प्लेटा लगेच सापडतात.

बाकी, पाऊस पडून गेला की रस्ता रोज पायी तपासा. उतारावर लोड कायम चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्समध्ये. उतारावर वळायचं नाही.

आणि हो, टायरचा प्रकार बदलण्याआधी कंपनीला विचारा, त्याने गाडीची क्षमताही बदलू शकते. एका चाकात हवा कमी असली तरी गाडी कलते. खड्डे आणि चिखल रोजचेच असतील तर साध्या गाडीवर टायरचा खर्च करू नका, मोठ्या चाकांची, कच्च्या जमिनीसाठीच बनवलेली गाडी भाड्याने घ्या.