न्यायसहायक विज्ञान, दिव्यांग-शुश्रूषा आणि चित्रपट अभ्यास या तिन्हींना जोडून प्राध्यापकी करता येईल का?

बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात असताना फॉरेन्सिक (न्यायसहायक विज्ञान, म्हणजे गुन्ह्याच्या पुराव्यांची शास्त्रीय तपासणी) आणि चित्रपट अभ्यास या दोन्हींची ओढ वाटते, तर दिव्यांग-शुश्रूषेसह या तिन्हींत अध्यापन-संशोधन शक्य आहे का, असे आपण विचारले आहे. शक्य आहे, मात्र अशा तिहेरी नावाच्या जागेची जाहिरात निघेल, या आशेवर राहू नका. मी मूळची खानापूर तालुक्यातली, शिक्षणाने परिचारिका, आणि सध्या बेळगावात शिकवते.

मला या विषयांची गाठ कायद्याच्या एका तरतुदीत सापडली. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या दिव्यांग असल्यास पोलिसांनी तिच्या घरी अथवा तिच्या सोयीच्या ठिकाणी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत तक्रार नोंदवावी आणि त्या नोंदणीचे चित्रीकरण करावे, असे 2013 च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने ठरवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. म्हणजे पुरावा, दिव्यांग व्यक्ती आणि कॅमेरा एकाच खोलीत आले.

सरावासाठी मी केलेले पहिले चित्रीकरण आजही वर्गात दाखवते, कारण ते साफ फसले होते. एक कर्णबधिर सहकारी आधी ठरवलेला प्रसंग खुणांनी सांगत होत्या आणि टीव्हीवरच्या मुलाखती पाहून लागलेल्या सवयीने मी चौकट चेहऱ्यापासून खांद्यांपर्यंतच ठेवली. हात खाली गेले की दिसेनासे होत. दुभाषी तर चौकटीबाहेरच बसलेला, त्यामुळे ऐकू येणारे वाक्य त्या खुणेचा अनुवाद आहे की त्याचा स्वतःचा तर्क, हे नंतर पडताळण्याची सोयच उरली नाही. चौकटीत कोण आले, कोण वगळले गेले आणि कट नेमका कुठे पडला, हे चित्रपट अभ्यासातले रोजचे प्रश्न इथे थेट पुराव्याचे प्रश्न होतात.

सीमाभागात यात आणखी एक पेच आहे. शाळेत न गेलेल्या कर्णबधिर मुलीच्या घरगुती खुणा बहुधा तिच्या आईलाच कळतात. आई त्या मराठीत सांगते, हवालदार कन्नडमध्ये लिहून घेतो आणि तज्ज्ञाचा अहवाल इंग्रजीत जातो. एवढ्या प्रवासात ‘ढकलले’ याचे ‘मारले’ व्हायला वेळ लागत नाही. इथे राहून हे काम करायचे तर बोलण्यापुरते कन्नड पुरत नाही, लिहिता-वाचताही यायला हवे.

शुश्रूषेचे ज्ञान कुठे लागते, तेही सांगते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावरची लाली बोटाने दाबूनही क्षणभर पांढरी पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. पण मुका मारही दाबल्यावर तसाच राहतो. डाग हाडाच्या उंचवट्यावर आहे की नाही आणि कूस बदलल्याच्या नोंदी काय सांगतात, हे पाहिल्याशिवाय नुसत्या छायाचित्रावरून निष्कर्ष काढला, तर काळजीवाहकावर नाहक आळ येतो, किंवा खरी मारहाण शय्याव्रणाच्या नावाखाली झाकली जाते.

वाटेविषयी थोडक्यात. ब्रिटनमध्ये बौद्धिक दिव्यांगांची शुश्रूषा ही नोंदणीची स्वतंत्र शाखा आहे. आपल्याकडे एमएस्सी नर्सिंगमध्ये तशी शाखा नसल्याने मानसोपचार किंवा सामुदायिक आरोग्य शुश्रूषा घ्यावी लागते. फॉरेन्सिकसाठी राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आता धारवाडपर्यंत आले आहे. चित्रपटासाठी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा काही आठवड्यांचा रसास्वाद अभ्यासक्रम सुरुवातीला पुरेसा आहे. तिथे बघायला शिकवतात आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

पदव्या गोळा करत बसू नका. एका निवड समितीने ‘तुम्ही नक्की कोणत्या विभागाच्या?’ एवढेच विचारून मला परत पाठवले होते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आता मी सरळ ‘नर्सिंगची’ म्हणते, आणि बाकीचे दोन विषय पीएचडीच्या सहमार्गदर्शकांच्या नावांतून दिसतात.